सांबारवडी खाऊन खेळलेली मॅच

माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची गाडी लंडनच्या एजवेअरमधून निघाली तेव्हा सांबारवडीचे दोन डबे माझ्या मांडीवर होते. "ताई, मागे ठेव ते, साडीला तेल लागेल," असं ती सारखं म्हणत होती. मी ऐकलं नाही. आदल्या दिवशी वेम्बलीला इलिंग रोडवर जाऊन मी सांबाराच्या (आम्ही नागपूरकर कोथिंबिरीला सांबारच म्हणतो) जुड्यांवर जुड्या घेतल्या होत्या. दुकानदाराने विचारलं, घरी लग्न आहे का? मी म्हटलं, मॅच आहे.

मॅच माझ्या भाच्याची, निनादची. तो कॉव्हेंट्रीजवळच्या एका छोट्या युनिव्हर्सिटीत शिकतो आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कॅप्टन आहे. या खेळात लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्याने अंगावर येऊन आडवं पाडायचं. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर गाद्या. पायाचा उपयोग पळण्यापुरता, तरी नाव फुटबॉल. मी नोकरी केली बँकेत, पण तरुणपणी कबड्डी खेळलेली बाई आहे, त्यामुळे आडवं पाडण्याचं मला कौतुकच होतं.

मोटरवेवर सुनंदा स्टिअरिंगवर बोटांनी सारखं काहीतरी मोजत होती, म्हणून विचारलं. मग तिने सगळं सांगितलं. मैदानात एका वेळी अकरा जण असतात, पण बदली खेळाडू धरून निदान सोळा तरी धडधाकट लागतात. त्याहून कमी झाले की पंच मॅच थांबवतात आणि ती सोडली असं धरतात. निनादच्या टीमने आधी एक मॅच अशी सोडली होती. आज पुन्हा तेच झालं तर लीगमधून नाव कट, म्हणजे टीमच बंद. "आणि खेळायला आहेत किती?" मी विचारलं. "अठरा," ती म्हणाली.

निनादच्या भाड्याच्या घरात पाच-सहा पोट्टे (आमच्याकडे पोरांना म्हणतात) नुसता टोस्ट चघळत बसले होते. रिकाम्या पोटी कोणी लढाईला जातं का? मी डबे उघडले. सांबारवडी म्हणजे खोबरं, खसखस आणि सांबाराचं सारण भरून तळलेली जाडजूड वडी. दोन खाल्ल्या की माणूस झोपतो. त्यांच्यात ओली नावाचा एक आडदांड, गोरा, लाजरा मुलगा होता. त्याने ताटली पुसून रिकामी केली आणि थँक्यू म्हणाला. मी आणखी दोन वाढल्या. पुन्हा ताटली रिकामी, पुन्हा थँक्यू. मला वाटलं, बिचाऱ्याला आईच्या हातचं मिळत नसेल. मी वाढत गेले, तो खात गेला. निनाद बूट शोधत वर गेला होता, नाहीतर त्याने मला तिथेच थांबवलं असतं.

मैदान गावाबाहेर. फेब्रुवारीचा चिखल, कुंपणापलीकडे मेंढ्या. आमच्या पोरांनी रेषा स्वतःच आखल्या होत्या, आणि त्या थोड्या वाकड्या होत्या. मग समोरच्यांची बस आली आणि त्यातून माणसं उतरतच राहिली. एकसारखे जाड जॅकेट, तीन-चार पगारी प्रशिक्षक, मालिशवाला, कॅमेरावाला. आमच्या एका जागेवर त्यांचे तीन-तीन तयार खेळाडू. हे बघून मला खरंच राग आला. ही कसली बरोबरी?

त्यांच्यातला एक उंच मुलगा पळत येऊन निनादच्या गळ्यात पडला. हा टोबी. गेल्या वर्षी इकडचा सगळ्यात चांगला खेळाडू तोच होता. त्या मोठ्या युनिव्हर्सिटीने फीमध्ये सूट दिली आणि तो गेला. "आई एकटी कमावते, ऑन्टी," तो मला म्हणाला. मी काही विचारलेलंही नव्हतं. त्याच्यावर कुठे रागावणार? निनाद नंतर म्हणाला, "दरवर्षी हाच होतो. आम्ही शिकवतो, ते घेऊन जातात." इथे वाढल्यामुळे त्याच्या मराठीत लिंगांचा गोंधळ असतो, पण दुःख नेमकं कळलं.

आमच्या कॉलेजची कबड्डीची टीम अशीच होती. नगरपालिकेच्या मैदानावर अनवाणी सराव आणि समोर पेटीपॅक बूटवाल्या मुली. पण कबड्डीत बाद झालेली खेळाडू गुण मिळाला की परत आत येते. इथे गेलेला गेलाच.

मॅचचे चार भाग. पहिल्याच भागात एकाचा खांदा गेला, दुसऱ्या भागात एकाचा घोटा. उरले सोळा. गुणफलकावर त्यांचे गुण वाढत होते, आमचं शून्य हलत नव्हतं, पण तिकडे कोणी बघतच नव्हतं. सुनंदा नुसती डोकी मोजत होती. तिसरा भाग संपता संपता ओली गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. मला वाटलं, बरगडी मोडली. निनाद हेल्मेट काढत माझ्याकडे आला.

"मावशी, तू त्याला किती वडी दिली?"

"त्याने ताटली रिकामी केली, मी वाढल्या."

"अगं, इथे ताटात टाकायचं नाही, rude वाटतो. तो नको म्हणालाच नाही, मॅनर्स म्हणून."

"आणि आमच्यात पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं," मी म्हटलं. "तिसरं नको आल्याशिवाय वाढणारी थांबत नाही. मला काय माहीत?"

नागपूरहून इतक्या लांब येऊन मी भाच्याची टीम बुडवली होती. पंच आले, म्हणाले, ब्रेक संपेपर्यंत हा उभा राहिला तर ठीक, नाहीतर मला मॅच थांबवावी लागेल.

माझ्या पर्समध्ये पासपोर्ट नसेल, पण ओवा असतो. मूठभर ओवा, चिमूटभर काळं मीठ ओलीच्या हातावर ठेवलं. थर्मासमधलं चहाचं गरम पाणी दिलं. "चाव. थुंकायचं नाही," मी मराठीतच सांगितलं आणि त्याला ते कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चिखलात बसून त्याची पाठ चोळत राहिले. साडीची वाट लागली, लागू दे. टोबी त्यांच्या बाजूने ओरडून विचारत होता, तो बरा आहे ना?

पंचांनी घड्याळ पाहिलं आणि तेवढ्यात ओलीने असा ढेकर दिला की कुंपणापलीकडच्या मेंढ्या हलल्या. दोन्हीकडचे खेळाडू हसायला लागले. पंचही हसले. ओली उठला. चेहरा हिरवट होता, पण उठला आणि जाऊन रांगेत उभा राहिला.

शेवटचा भाग मी उभी राहून पाहिला. समोरच्यांनी मुद्दाम ढिलाई दाखवली नाही, आणि निनादला तेच हवं होतं. आमचे पडले, उठले, पुन्हा पडले. ओलीला तर टोबीनेच दोनदा आडवा केला आणि दोन्ही वेळा हात देऊन उठवला. शिट्टी झाली तेव्हा मैदानात आणि बाहेर मिळून आमचे सोळा होते आणि गुणफलकावर शून्यच होतं. पोरांनी एकमेकांना असं उचललं की जाणाऱ्याला वाटलं असतं हेच जिंकले. सुनंदा रडत होती. मीही रडले, लाज कसली?

मग त्यांचे मुख्य प्रशिक्षक निनादकडे आले. सज्जन माणूस. म्हणाले, पुढचं शिक्षण आमच्याकडे कर, फीचं आम्ही बघतो. निनाद गेला तर या टीमचं काय, हे मला आता माहीत होतं. पण फी भरणारी माझी बहीण शेजारी उभी होती, मग जाऊ नको असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? निनाद "नाही, थँक्यू" एवढंच म्हणाला. ते म्हणाले, विचार कर.

आठवड्याने निनाद मला विमानतळावर सोडायला आला. बॅग ट्रॉलीवर ठेवताना म्हणाला, "मावशी, त्या कोचचा फोन आला होता. परवा एकदा, आज परत एकदा."

"मग?"

"मैदानावर एक नाही म्हटलं होतं. परवा एक. आज एक." त्याने बोटं मोजून दाखवली. "आता वाढणार नाहीत ना?"

मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

नागपूरला परतल्यावर बुद्ध विहारातल्या मैत्रिणी जमल्या. लंडनला काय पाहिलंस, म्हणाल्या. मी मॅचचं सांगितलं. शेजारच्या कमलताईंनी विचारलं, "मग, जिंकला का भाचा?"

"नाही," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी परत हरायला जाणार आहे."