लाल चवळीचं पातेलं

समारंभाच्या जेवणात एखाद्या अनोळखी पातेल्याचं झाकण उचलून, आत डोकावून, ते तुम्ही कधी पुन्हा ठेवून दिलं आहे का?

मी दिलं आहे. तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि त्या पातेल्यात काय आहे हे हॉलमधल्या कुणाहीपेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

ऑकलंडमध्ये हिल्सबरोला आमच्या युनिटच्या भिंतीपलीकडे आंटी राहायची. नायजेरियाहून आलेली, आईच्याच वॉर्डातली नर्स. आईची दुपारची ड्यूटी असली की तीन वाजता मला शाळेतून आंटी आणायची. दप्तर टाकायचं, हात धुवायचे आणि तिच्या ओट्याजवळच्या स्टुलावर चढायचं. तिथे आठवड्यातून एकदा तरी निवडायला पडलेले असत चवळीसारखेच, पण तपकिरी दाणे.

ते निवडायला कागद आमच्या घरचा. पप्पा फार्मसिस्ट, दुकानातून आले की पत्रकं लिहीत बसायचे. समतेवर, शिक्षणावर, मुलींच्या हक्कांवर. वाटून उरलेला गठ्ठा आंटीकडे जायचा. ती दोन पत्रकं पसरायची आणि वर दाणे ओतायची. आई मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, अशी मी मुलगी. पण मराठी वाचायला शिकले ती तिथे. मूठभर दाणे बाजूला सरकवले की खालून एक ओळ निघायची.

"आज काय निघालं?" आंटी इंग्रजीत विचारायची.

"सगळी माणसं समान आहेत."

"अस्सं? मग कांदे आज तू चीर."

दाणे ती आधी नुसत्या पाण्यात शिजवायची, मीठ शेवटी. दाणा बोटात चिरडला जाऊ लागला की वाटलेली लाल सिमला मिरची, टोमॅटो, कांदा आणि एकच मिरची, पण घाम फोडणारी. मग लालभडक पाम तेल. त्याच्या वासाने आमच्याकडचे पडदेसुद्धा ओळखायचे की आज काय आहे. कुमराच्या, म्हणजे इथल्या रताळ्याच्या, फोडी घालायची, आणि शेवटी सुकटीची पूड. लाकडी चमच्याच्या पाठीने थोडे दाणे चेचले की सगळं दाट, मऊ होऊन यायचं. मी दोन वाट्या खायचे आणि तिसरी मागायचे.

आईने एकदा हौसेने घरी करून पाहिलं आणि सवयीने वरून मोहरी-जिऱ्याची फोडणी ओतली. आंटीने घास घेतला, डोळे मिटले.

"सिस्टर, छान झालंय. पण हे माझं नाही, तुझं झालं."

"मग आता तू माझ्याकडची झालीस," आई म्हणाली. दोघी इतक्या हसल्या की मलाही कारण न कळता हसू आलं.

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला आईने तिला बोलावलं. आंटी मोठं पातेलं घेऊन आली. जेवण शाकाहारी आहे हे तिने आधीच विचारून घेतलं होतं. सुकट घातली नव्हती. "सुकटीशिवाय ते उघडं वाटतं," ती आईला गाडीत म्हणाली, "पण तुमचा सण आहे."

दारात मी पत्रकं वाटली. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, रांग लागली. टेबलाच्या टोकाला ते पातेलं होतं आणि रांग त्याला वळसा घालून पाण्याकडे जात होती. "काय असेल कोण जाणे," एक काकू म्हणाल्या. "त्यांच्यात काहीही घालतात." पाण्यासाठी आणि माणसासारखं वागवलं जाण्यासाठी ज्यांच्या आज्या-पणज्या लढल्या, त्या आम्ही हे बोलत होतो. आंटी चार पावलांवर उभी होती. तिला मराठी येत नव्हती, पण वळसा कुणालाही कळतो.

माझ्याबरोबर शाळेतल्या दोन मैत्रिणी होत्या. मी झाकण उचललं. "ई, व्हॉट इज दॅट?" एकीने विचारलं.

"आय डोन्ट नो," मी म्हणाले आणि झाकण ठेवलं.

मान वर केली तर आंटी माझ्याकडेच बघत होती. ती हसली. ते हसू रागाचं असतं तर बरं झालं असतं.

परतताना भरलेलं पातेलं तिच्या मांडीवर होतं. "उद्या जास्त चव येईल," ती म्हणाली. आई गाडी चालवत होती. पुढचे तीन दिवस आम्ही दोन्ही घरांनी तेच खाल्लं. मी मात्र तिसरी वाटी मागितली नाही.

आंटी पुढच्या वर्षीही जयंतीला आली. त्याच्या पुढच्याही. येताना फक्त कागदी प्लेटा आणायची.

नंतर ती वेलिंग्टनच्या हॉस्पिटलात गेली आणि आम्ही फ्लॅट बुश या उपनगरात मोठं घर घेतलं. मी आता पप्पांच्यापेक्षा जहाल पत्रकं लिहिते. त्यांतलं एकही मला तिला वाचून दाखवावंसं वाटलेलं नाही.

येत्या एप्रिलमध्ये ती ऑकलंडला येते आहे. जयंतीला चल, असं मी फोनवर म्हटलं. ती अगदी सहज म्हणाली, "येईन की बाळा. प्लेटा आणू ना?"

"प्लेटा नको," मी म्हणाले. "पातेलं मी आणते."

गेल्या रविवारी सराव म्हणून ते मी केलं. दाणे निवडायला माझंच पत्रक पसरलं. पाम तेल तापलं आणि मी मनाने पुन्हा आंटीच्या त्या स्टुलावर जाऊन बसले, पाय लोंबकळत. चव जवळपास तीच. आईने वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाली, "हॉलसाठी मोठं पातेलं घे. या वेळी दारात मी उभी राहते, तू टेबलाशी राहा."

तेव्हा मी खोटं बोलले, या माझ्या कबुलीने आंटीला काय मिळणार आहे? तिला त्या पातेल्याचा तळ दिसायला हवा. ते माझ्या एकटीच्या हातात नाही.

तेव्हा त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये असाल तर टेबलाच्या टोकापर्यंत या. नसाल, तरी तुमच्याही समारंभात टोकाला कुणाचं तरी असं पातेलं असतं, आणि ते आणणारी जवळच उभी असते. झाकण उचला. काय आहे ते तिलाच विचारा. आणि ताट पुढे करा.