आईची पांढरी साडी श्रीलंकेच्या शाळेत

श्रीलंकेतल्या एका शाळेत सुट्टीपुरतं इंग्रजी शिकवायला जायचं मी ठरवलं, तेव्हा आमच्या नायगावच्या घरात पहिला आवाज आईचाच चढला. "परक्या मुलखात कोण हाय गं आपलं? आजारी पडलीस तं पाणी कोण देईल?" व्हिसा आला, तिकीट आलं, तरी हेच पालुपद. निघताना मात्र तिनं स्वतःची पांढरी साडी माझ्या बॅगेत कोंबली, बुद्धजयंतीला विहारात नेसते ती. तीही माझे दोन शर्ट बाहेर काढून! भांडून उपयोग झाला नाही.

नायगावहून देगलूरमार्गे हैदराबादची एसटी मिळते आणि तिथून कोलंबोचं विमान. विमानापेक्षा एसटीतच जास्त वेळ जातो, तेव्हा पाठीला उशी घ्या. शाळा मातले या डोंगराळ भागात; कोलंबोहून तिकडे जाणारी लाल बस पकडली, की पुढे नारळ, मिरीचे वेल आणि वळणंच वळणं. जेवायला भात आणि नारळाच्या दुधातलं वरण. आपल्यासारख्या तिखट खाणाऱ्यांना ओल्या नारळाची लाल चटणी वाचवते.

पहिल्या दिवशी मी ऐटीत जीन्स घालून गेले. मुख्याध्यापिका गोड हसून म्हणाल्या, "इथे सगळ्या शिक्षिका साडी नेसतात." झालं, दुसऱ्या दिवसापासून आईची साडी.

साडीनं शिक्षिका झाले, पण तिसरीची मुलं काही बोलेनात. गाणी म्हटली, चित्रं काढली, बेडूकउड्या मारल्या. ती हसायची आणि मान खाली घालायची. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आठवडाभर बघू, नाहीतर तुम्ही लायब्ररी सांभाळा. मी घरी काही कळवलं नाही. 'परत ये' म्हणायला आईला तेवढंच निमित्त हवं होतं.

माझी बस रोज प्रार्थना संपल्यावर पोचायची. लायब्ररीच्या काळजीनं एके दिवशी लवकरची बस धरली. मैदानात पांढऱ्या गणवेशातली मुलं हात जोडून उभी होती आणि त्यांनी त्रिशरण, पंचशील सुरू केलं. अगदी तेच पाली शब्द, आमच्या विहारातले! फक्त चाल वेगळी. मी शेवटच्या रांगेमागे उभी राहून आमच्या चालीत म्हणू लागले, आणि डोळे कधी भरले कळलं नाही. पुढची रांग वळून वळून बघत होती.

वर्गात गेल्यावर सगळ्यांत गप्प बसणारी नेतमी उभी राहिली. "मिस, हू टीच यू?"

"माय मदर," मी म्हटलं.

"मी, माय ग्रँडमदर!"

मागून आवाज, "माय फादर!" मग नुसता गलका. व्याकरण गेलं खड्ड्यात, मी एकही वाक्य दुरुस्त केलं नाही. उलट त्यांनीच माझी चाल दुरुस्त केली. लायब्ररीचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या मुलांचे उपकार मी विसरणार नाही.

नायगावला परतले, तेव्हा आई अंगणात मटकी निवडत होती. परवानगी घेऊन फोनवर उतरवलेली ती प्रार्थना मी तिला ऐकवली. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात जोडले आणि मुलांच्या मागोमाग आपल्या चालीत शेवटपर्यंत म्हटली. मग पदरानं डोळे पुसले.

"आपलीच लेकरं हायत की गं."

जरा वेळानं तिनं बॅगेतून साडी काढून उलटीसुलटी पाहिली. "फॉल सुटलाय. लावून ठिवते. पुन्हा जाशील तवा लागंल."