चष्म्याच्या दुकानातली दोन मशिनं

ते प्रकरण माझ्या मनातून आजही जात नाही. कोणाचं रक्त सांडलं नव्हतं, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. तरी नोकरीतली एखादी गोष्ट सांगा म्हटलं, की मला आधी हीच आठवते. नावं मी घेणार नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी डोंबिवलीत फौजदार होतो. हजेरी आटोपून स्टेशन डायरी वाचत बसलो होतो, तेवढ्यात एक गृहस्थ आले. ठाण्याच्या एका कंपनीत अधिकारी, बोलणं मोजूनमापून. त्यांनी क्रेडिट कार्डाचं मासिक पत्रक माझ्यापुढे ठेवलं. आमच्या हद्दीतल्या एका चष्म्याच्या दुकानातून त्यांनी दोन महागड्या फ्रेमी घेतल्याची नोंद त्यात होती.

"साहेब, मी त्या दुकानाची पायरीही चढलेलो नाही," ते म्हणाले. "आणि मला चष्माच नाही हो."

क्रेडिट कार्ड हा प्रकार मी तोवर फक्त ऐकला होता. मी त्यांचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, उठावाच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. यात पैसे नेमके असतात कुठे, असं आमच्या हवालदारांनी विचारलं, आणि मलाही सांगता येईना. आठवड्याभरात तशाच आणखी दोन तक्रारी आल्या. दुकान तेच. मग गुन्हा नोंदवून मी दुकानात गेलो.

मालक साठीचे, सगळे त्यांना काका म्हणत. सुतळीचा तुकडाही गुंडाळून ठेवणारा माणूस. काउंटरवर खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक बाई होती. अकरा वर्षं तिथं कामाला, आणि घर तिच्याच पगारावर चालायचं. कार्ड दाबायचं मशीन तीच चालवायची. तिनं मला ते दाखवलं. ना वीज, ना तार. खाली कार्ड ठेवायचं, वर कार्बनची चिठ्ठी ठेवायची आणि मूठ इकडून तिकडे ओढायची. कार्डावरचे आकडे आणि मशीनमध्ये बसवलेल्या धातूच्या पट्टीवरचं दुकानाचं नाव, दोन्ही चिठ्ठीवर उमटतं. ती चिठ्ठी बँकेत भरली की पैसे जमा. मला तर गंमतच वाटली. मी चारदा मूठ ओढून पाहिली, हवालदार हसायला लागले तेव्हा थांबलो.

तक्रारीतल्या चिठ्ठ्या आपल्या वहीत नाहीत, असं काकांनी सांगितलं. त्या भरल्या गेल्या होत्या कल्याणच्या एका बँकेत, दुकानाच्याच नावाच्या खात्यात. खातं उघडण्याचा अर्ज मी काकांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. सही माझीच आहे, पण हे खातं माझं नाही, एवढंच म्हणाले.

मी मनाशी हिशोब मांडला. काका साधा माणूस. त्यांच्यापुढे सहीला कागद कोण ठेवतं? बाई. गिऱ्हाइकाचं कार्ड कोणाच्या हातात जातं? बाईच्या. झालं, माझ्या दृष्टीनं प्रकरण सुटलं होतं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा, तिला ठाण्यात बोलावू नये, असा कायदा आहे. मला तो तोंडपाठ होता. तरी मी हवालदाराकडून तोंडी निरोप धाडला, डायरीत नोंद केली नाही. काका धापा टाकत तिच्या आधी आले.

"तिला इथं बसवू नका, साहेब," ते म्हणाले. "तिच्या आळीत कळलं तर तिला जगणं नकोसं होईल. हवं तर मला बसवा."

मी त्यांना परत पाठवलं. बाई सकाळी दहापासून बाकावर बसून होती. माणसाला बसवून ठेवलं की तो आपोआप बोलतो, हा आम्हा पोलिसांचा लाडका समज. मधे कसल्याशा दाखल्यासाठी कोळीवाड्यातले दोघे आले. त्यांनी तिला पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि निघून गेले. तिनं पदर पुढे ओढला. ते मला दिसलं होतं, हे कबूल करायला हवं.

तीन वाजता मी तिला आत बोलावलं. बँकेतून आणलेल्या चिठ्ठ्या सकाळपासून माझ्या टेबलावर होत्या. मी दरडावून विचारलं, या कोणी भरल्या? तिनं एक चिठ्ठी उचलून उजेडात धरली.

"साहेब, ही आमची नाय. हिच्यावर तारीख छापलेली हाय. आमच्या मशीनला तारखेचं चाकच नाय. तारीख मी हातान लिवते."

मी दुकानातल्या चिठ्ठ्या मागवल्या. प्रत्येकीवर तारीख शाईची होती. तारखेचं चाक असलेलं मशीन मग आहे कोणाकडे, असं मी विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडंच होतं की, आठ दिवस.

मशीन घ्यायचं ठरल्यावर काकांनी दोन बँकांची दोन मशिनं आठ-आठ दिवस वापरून पाहिली होती. वहीत दोन्हींचे गुणदोष लिहिले होते. चाकाचं मशीन दिसायला झोकात, पण रोज सकाळी चाक फिरवायचं आणि विसरलं तर दिवसभर चुकीची तारीख. शिवाय त्याची मूठ जड. ती बाईच्या बांगड्यांत अडकायची. ओढायचं जिला, पसंती तिची, असं म्हणून काकांनी साधं मशीन ठेवलं आणि दुसरं परत केलं.

"परत कसं केलं?" मी त्याच संध्याकाळी काकांना विचारलं.

"जसं आलं तसं. पुसून, खोक्यात घालून. पावती आहे ना माझ्याकडे."

पावतीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मशीन एक, चिठ्ठ्यांचा गठ्ठा एक, नावाची पट्टी एक. ज्याचं त्याला परत, या शिस्तीत त्यांनी आपल्या दुकानाच्या नावाची पट्टीही परत केली होती. खाली मशीन नेणाऱ्या दलालाची सही होती. बँकांसाठी दुकानं गाठून द्यायची, हा त्याचा धंदा. चाचणीपूर्वी काकांनी सही केलेला बँकखात्याचा अर्जही त्याच्याकडेच राहिला होता. तो फाडून टाकला, असं त्यानं सांगितलं होतं.

दलाल टाय लावून आला. अवघड प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे तयार होती. मी सोपं विचारलं, खोक्यात काय काय होतं? तो म्हणाला, फक्त मशीन. मी पावती पुढे सरकवली. त्यानं ती वाचली, टायची गाठ सैल केली आणि मग सगळं सांगितलं. शीळफाट्याजवळच्या एका हॉटेलातला गल्ल्यावरचा माणूस त्याचा साथीदार होता. गिऱ्हाईक बिलासाठी कार्ड वेटरकडे देऊन गप्पा मारत बसे. आत ते दोनदा दाबलं जाई, एकदा हॉटेलच्या मशीनवर आणि एकदा काकांची पट्टी बसवलेल्या मशीनवर. सह्या दलाल गिरवायचा, चिठ्ठीवर गिऱ्हाइकाची आणि कल्याणच्या खात्यातून पैसे काढायच्या चेकवर काकांची. आमचे तिन्ही तक्रारदार त्या हॉटेलात जेवले होते. हॉटेलातून हलवलेलं मशीन दलालाच्या घरी, कपाटावर सापडलं. पंचनामा झाला, दोघांनाही पुढे शिक्षा झाली.

निकालानंतर मी दुकानात गेलो. एक गिऱ्हाईक कार्ड पुढे करत होतं. बाईनं ते घेतलं नाही. मशीन त्याच्याकडे फिरवून म्हणाली, तुमीच ठेवा, तुमीच ओढा. ठाण्यात बसवलं त्या दिवसापासून ती कोणाचं कार्ड हातात घेत नाही, असं काका हळूच म्हणाले.

मी तिची माफी मागितली. माझं चुकलं, असं स्पष्ट शब्दांत म्हणालो.

"साहेब, असा कागद भेटतो का?" तिनं विचारलं. "मी काय केलं नाय, असा. आळीत दाखवाया."

मी असा कागद देऊ शकत नव्हतो. ती आरोपी नव्हती, आणि तिला बोलावल्याची नोंदच मी केली नव्हती. कागदोपत्री ती ठाण्यात आलीच नव्हती, मग तिला सोडायचं कशातून? दुसऱ्या दिवशी मी गणवेशात कोळीवाड्यात गेलो. जाळी विणत बसलेल्या माणसांना सांगितलं, की या बाईमुळेच चोर सापडला. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. पण नंतर काकांकडून कळलं, की आळीत बोलणं झालं ते वेगळंच. तिच्या घराकडे आता फौजदारही येऊ लागला, असं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी संशयिताला बाकावर बसवण्याआधी पुरावा त्याच्यासमोर ठेवत आलो, आणि नव्या फौजदारांनाही तेच सांगत आलो. ते मान डोलावायचे. त्या बाईला मात्र त्याचा काहीच उपयोग नव्हता.