नवमीला चालू राहिलेला कॉम्प्युटर

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. समाजशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी मी आमच्याच गावातल्या विडी वळणाऱ्या बायांच्या मुलाखती घेतल्या होत्या. तिरोड्याच्या अलीकडे आमचं गाव. आई विडी वळायची, बाबा राइस मिलमध्ये हमालीला. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजमधलं कुठलं काम कसं करायचं, हे घरी विचारण्यासारखं कुणी नव्हतं.

माझा घरचा कॉम्प्युटर जुना होता. कुणीतरी वापरून सोडलेला, पण चालायचा. मुलाखती मी मोबाइलवर रेकॉर्ड करायची, मोबाइलची जागा भरली की त्या कॉम्प्युटरवर उतरवायची आणि मोबाइलमधून पुसून टाकायची. शिवाय सर्वांची एकेक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची. लघुप्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी तसं बजावलं होतं, एक प्रत वेगळी ठेवा म्हणून. मी वेगळी ठेवत होते, हे मला सांगायचं आहे.

बाकीच्या मुलाखती साध्या होत्या. तेंदूची पानं किती, तंबाखू किती, कंत्राटदाराचा माणूस किती विड्या छाटून बाजूला टाकतो. पण एका काकूंची मुलाखत तशी नव्हती. या काकू आमच्या शेजारच्या, आईबरोबर ओसरीत बसून वळणाऱ्या. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. सातवीनंतर आम्हा दोघींची निवड एका वसतिगृहाच्या शाळेत झाली. मी गेले, ती गेली नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणात वारली. काकूंनी त्या दिवशी, मी काही न विचारता, शाळेची चिठ्ठी आली त्या दुपारचं सगळं सांगितलं. विडी वळणारा हात थांबला नव्हता. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "लिहून ठेव." मी हो म्हटलं. घरी येऊन पुन्हा ऐकण्याची माझी हिंमत झाली नाही. नंतर निवांत बसून कागदावर उतरवू, असं ठरवत राहिले.

आमच्या घरी नवमीला अवजारांची पूजा होते. आईची कात्री, पानं कापायचा पत्र्याचा साचा, सूप, बाबांचा विळा, सगळं धुऊन पाटावर मांडायचं. एकदा हळदीकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. आईच्या हाताला वर्षातून मिळणारी तेवढीच पूर्ण सुटी. त्या वर्षी बाबा म्हणाले, पोरीचं अवजारही पूजेत घ्या. बंद मशीनची पूजा कशी करायची म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवायचा ठरला. पेनड्राइव्ह मी तांदळाच्या कोठीवरच्या डब्यात ठेवायची. आईने तोही काढून आणला. अवजार अर्धं ठेवू नये म्हणाली. मी तो कॉम्प्युटरला लावला.

पूजेच्या थोडं आधी मी मेल बघितला होता. परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन भरला होता आणि पावती यायची राहिली होती. एका मेलला पावती नावाची फाइल जोडलेली होती. उघडली तर आत नुसती इंग्रजी अक्षरांची आणि कंस-टिंबांची खिचडी. वर लिहिलं होतं की मजकूर नीट दिसत नसेल तर पिवळ्या पट्टीवरचं बटण दाबा. शहरातल्या मुलाला कदाचित शंका आली असती. आमच्या मराठी फाइली मात्र नेहमी अशाच उघडायच्या. कॉलेजात टाइप केलेलं घरी आणलं की फॉन्ट नसल्यामुळे अशीच खिचडी दिसायची, मग काहीतरी दाबून, काहीतरी टाकून ती वाचण्यासारखी करावी लागायची. मी बटण दाबलं. खिचडी तशीच राहिली. आईने हाक मारली म्हणून उठले.

आरती झाली. आईने मॉनिटरला आणि पेनड्राइव्हला कुंकू लावलं. मी प्रसाद वाटत होते तेव्हा कॉम्प्युटरच्या डब्यावरचा लाल दिवा एकसारखा फडफडताना दिसला. आतून कुरकुर येत होती. पडद्यावरच्या फाइलींची चित्रं एकेक करून पांढरी होत होती. मी बाबांना म्हटलं की हा काहीतरी करून राहिला आहे, बंद करते.

"हात नोको लावू आता," बाबा म्हणाले. "एक दिवस त्यालेही राहू दे."

मी हात लावला नाही. बाबांनी मला जबरदस्ती केली नव्हती. मलाही वाटलं, उद्या बघू. एरवी रोज जाणारी लाइटसुद्धा त्या दिवशी गेली नाही, नाहीतर तो आपोआप बंद पडला असता.

दसऱ्याला सकाळी पडद्यावर इंग्रजीत लाल मजकूर होता. तुमच्या फाइलींना कुलूप लावलं आहे, इतक्या दिवसांत पैसे पाठवा, किल्ली मिळेल. पैसे पाठवायची जी पद्धत लिहिली होती ती मला दोनदा वाचूनही कळली नाही. फाइलींची नावं जाऊन त्या जागी आकडे आणि अक्षरं आली होती. पेनड्राइव्हवरही तेच. बाबांना समजावून सांगितलं तर त्यांनी विचारलं, "मंग हा माणूस राहते कुठं?" मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मी अंघोळ केली, आपट्याची पानं घेऊन शेजारी सोनं द्यायला गेले. काकूंनाही दिलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

सुटी संपल्यावर कॉम्प्युटरचा डबा कापडात बांधून बसने गोंदियाला नेला. दुरुस्तीच्या दुकानातला माणूस हिंदीत बोलणारा होता. त्याने नेटची वायर न लावता तो चालू केला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, वायरस तो मैं निकाल दूँगा. लेकिन ये जो ताला लगा है, ये मेरे बस का नहीं." पेनड्राइव्ह का लावून ठेवला होता, असं त्याने विचारलं. मी पूजेचं सांगितलं. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर झेंडूची सुकलेली माळ तशीच होती.

त्याने मला काही गोष्टी नीट सांगितल्या, त्या मी वहीत लिहून घेतल्या. असं काही होताना दिसलं की आधी नेट काढायचं आणि मशीन बंद करायचं. पैसे पाठवायचे नाहीत, पाठवून किल्ली मिळतेच असं नाही. कुलूप लागलेल्या फाइली पुसायच्या नाहीत, कारण कधीकधी अशा कुलपांची किल्ली पुढे कुणीतरी शोधून फुकट देतं. म्हणून त्याने आत दुसरी हार्ड डिस्क बसवली आणि जुनी वेगळी काढून दिली. मग मोबाइलचं कार्ड मागितलं. पुसलेलं कार्डावर लगेच मरत नाही, वर दुसरं काही भरलं नसेल तर निघतं. मी वर दुसऱ्या मुलाखती भरल्या होत्या. तरी त्याने दुपारभर कार्ड लावून ठेवलं. बऱ्याच मुलाखती तुटक तुटक निघाल्या. काकूंच्या मुलाखतीचा सुरुवातीचा तुकडा निघाला. त्यात कात्रीचा आवाज होता आणि मी विचारलेलं वय. पुढे काही नव्हतं.

दोन प्रकरणं सरांना मेल केलेली होती, ती परत मिळाली. सर म्हणाले, बाकीच्या बायांकडे पुन्हा जा, महिना आहे. बाया हसत हसत पुन्हा बोलल्या. एक म्हणाली, "मागल्या खेपेले खोटं सांगतलं होतं का आम्ही?" काकूंकडे मी सर्वांत शेवटी गेले.

त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग मी सांगतलं ते कुठं गेलं?"

"आहे काकू, पण कुलपात आहे. किल्ली आपल्याकडे नाही."

त्यांनी हातातली विडी वळून पुरी केली. मी मोबाइल पिशवीतून काढला नव्हता. मग म्हणाल्या, "आता नाही सांगता येत. तेव्हा आलं, सांगतलं." त्या रागावल्या नव्हत्या. मी चहा पिऊन उठले.

पुढचे काही दिवस मी कॉलेजला जायची, यायची, जेवायची. पेनड्राइव्ह आता काम झालं की लगेच काढून डब्यात जायचा आणि तिसरी प्रत मैत्रिणीच्या घरी. न ओळखलेल्या मेलची फाइल मी उघडत नव्हते. सगळं नीट करत होते, आणि त्याचा काहीच उपयोग वाटत नव्हता. मग एका दुपारी आठवेल तसं लिहायला बसले. चिठ्ठी कोणी आणली, काकू कुठे बसल्या होत्या, चिठ्ठी तंबाखूच्या डब्याखाली कशी ठेवली. दीड पान झालं. कुठली वाक्यं काकूंची आणि कुठली माझी, ते मला सांगता येईना. वर प्रामाणिकपणे लिहिलं की ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

सर म्हणाले, हे असं चालणार नाही, एक तर काढ किंवा त्यांची संमती घे. मी कागद घेऊन काकूंकडे गेले. आईही तिथेच वळत बसली होती. मी वाचलं. डोळे कागदावरच ठेवून वाचलं. चिठ्ठी आली, काकूंनी दिवाळीनंतर बघू म्हटलं, मुलगी कोपऱ्यात जाऊन रडत बसली.

"थांब," काकू म्हणाल्या. "रडली नोहोती ते."

मी थांबले.

"ते उठली आन पानं भिजवाले गेली. हे रडायचं तू घातलं."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. मी पेन काढलं, ते वाक्य खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं की ती उठून पानं भिजवायला गेली. काकूंनी विचारलं, लिवलं का. मी हो म्हटलं.

"मंग वाच पुढं," काकू म्हणाल्या, आणि मी पुढे वाचू लागले.