चालीखालचा सूर

रोज संध्याकाळी भांडी आवरली की व्हर्लीन टिडवेल नवऱ्याचं जुनं जाकीट अंगावर चढवायची, मागच्या दाराने बाहेर पडायची आणि पत्र्याच्या छपराखाली उभ्या असलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसायची. किल्ली अर्धीच फिरवायची. इंजिन चालू करायचं नाही, नुसती वीज आली की झालं. मग काचा वर, आणि 'सॉल्ट लिक फाइव्ह' या पाच गायकांचा नवा अल्बम सुरू.

रस्त्यापलीकडून इमोजीन बघत असायची. इमोजीन म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण, तोंडाने फटकळ. एकदा कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ओरडली, "काय गं, पोचलीस का?"

"कुठे?"

"मला काय ठाऊक! रोज गाडीत बसतेस आणि आहेस तिथेच. म्हटलं, आज तरी फाटकापर्यंत गेलीस का बघावं."

"गाणी ऐकतेय."

"घरात भिंती पडल्यात का?"

घरात गाणी लावायचं यंत्र नव्हतं. नॉक्सव्हिलला राहणारी लेक, कार्ला, फोनवर सांगून सांगून दमली होती, "आई, फोनवरच ऐक ना गं, त्यात सगळं असतं." पण व्हर्लीनने ते करून पाहिलं होतं. फोनमध्ये खर्ज नसतो. टकर नावाचा तो आडदांड गडी, ज्याच्या आवाजाने अख्खा अल्बम उभा राहतो, तो फोनमधून डासासारखा गुणगुणतो. ट्रकची गोष्ट वेगळी होती. नवऱ्याने, डॉइलने, हौसेने ट्रकच्या दारांत मोठे स्पीकर बसवून घेतले होते. टकर खर्जात उतरला की सूर कानात यायच्या आधी सीटमधून मांडीत यायचा.

डॉइलचाही असाच यायचा. गावातल्या पॉपॉ बेंडच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं ती त्याच्या शेजारी बसली. तो गायला लागला की बाकाची फळी थरथरायची. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि फळी गप्प झाली.

ही पाच पोरं हातात काहीही न घेता गायची. गिटार नाही, बँजो नाही, फिडल नाही; टेनेसीच्या डोंगरातली गाणी आणि पाच गळे, बस. त्यांचे आधीचे अल्बमही व्हर्लीनकडे होते, पण या नव्यावर तिचा जीव जडला होता. पूर्वी ही पोरं मोकळी जागा दिसली की तिथे सूर कोंबायची, पाहुणे येणार म्हणून भिंतभर फोटो टांगावेत तशी. या वेळी त्यांनी भिंत मोकळी सोडली होती. एक गाणं होतं, एका म्हाताऱ्याचं. गाई विकून टाकल्यात, तरी संध्याकाळ झाली की तो सवयीने कुंपणाशी जातो आणि हाका मारतो. टकर एकटाच हाका मारतो, आणि बाकीचे चौघे, जे गाईंसारखे उत्तर द्यायला हवेत, ते गप्प राहतात. अख्ख्या एका श्वासाएवढे गप्प. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा व्हर्लीनला वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा ती जाकिटाची बटणं लावत बसली, उगाचच.

आणि शेवटचं गाणं तर व्हर्लीनच्याच चर्चच्या पुस्तकातलं होतं, नदीचं. 'पाणी ओसरलंय, चला आता पलीकडे.' त्यात टेनरवाला उंच जातो, टकर तळाशी असतो, आणि मध्ये एक जागा रिकामी राहते. ती जागा व्हर्लीनची होती. आल्टोची.

आल्टो म्हणजे चालीखालचा सूर. गाण्याची चाल वर ऐटीत चालते, लोक गुणगुणतात ती तीच. आल्टो तिच्या खालून चालतो, चार चार शब्द एकाच सुरावर धरून. चारी सूर मिळाले की त्याच्यावाचून भागत नाही, पण एकटा गायला तर कुणाला कळणारही नाही हे गाणं कुठलं. व्हर्लीन नऊ वर्षांची असताना आईने तिला आल्टोच्या बाकावर बसवलं, ती तिथेच राहिली. घरात भांडी घासताना ती आल्टोच गुणगुणायची. कार्ला लहानपणी विचारायची, "आई, हे कुठलं गाणं?" डॉइल असला की दुसऱ्या खोलीतून खर्ज धरायचा, आणि मग गाणं ओळखू यायचं.

पॉपॉ बेंडच्या चर्चमध्ये पियानो नव्हता, कधीच नव्हता. देवाने गळा दिला तेवढा पुरे, अशी तिथली श्रद्धा. एके काळी चारी सुरांचे बाक भरलेले असायचे, आल्टो आणि खर्ज एकाच लांब बाकावर, शेजारी शेजारी. आता उरलेली मंडळी एकाच गाडीत मावली असती, आणि त्यातले निम्मे नुसते ओठ हलवायचे. या महिन्यात पाचवा रविवार येत होता. पाचव्या रविवारी आसपासच्या चर्चांनी एकत्र जमायचं, जेवायचं आणि दुपारभर गायचं, ही जुनी रीत. या खेपेचा तो शेवटचा होता. त्यानंतर दाराला कुलूप, आणि सगळ्यांनी हायवेवरच्या मोठ्या चर्चमध्ये जायचं असं ठरलं होतं. तिथे शब्द पडद्यावर उमटतात, आणि सगळे मिळून नुसती चाल गातात. व्हर्लीन अलीकडेच एकदा जाऊन आली होती, तेव्हा नदीचंच गाणं होतं. गाताना पुढच्या बाकावरची पोरगी दोनदा वळून बघून गेली, ही बाई चुकीचं काय गातेय म्हणून.

म्हणजे कधी नव्हे ते व्हर्लीनला काही हवं होतं. आपला सूर, आणि त्याखाली खर्ज. बाकाच्या फळीतून येणारा. एकदाच, कुलूप लागायच्या आत.

आणि खर्ज गाणारा माणूस गावात होता. तीच तर पंचाईत. हॉइट लॅम्पली, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणारा, डॉइलच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं खर्ज गायलेला. पण आधी चर्चमध्ये गाणं चालवणारे ब्रदर, म्हणजे मंडळीतले एक गृहस्थ, वारले. बायकांनी पुढे उभं राहून गाणं चालवायचं नाही ही रीत, आणि पुरुषांत सुराचा असा हॉइटच. जो गाणं चालवतो त्याने चाल गायची. तेव्हापासून खर्जाचा माणूस टाचा उंचावून चाल गात होता, मानेच्या शिरा ताणून.

बुधवारी हॉइट तिचं गवताचं यंत्र परत द्यायला आला, तेव्हा तिने त्याला ट्रकचं दार उघडून दिलं.

"बस."

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. बस."

हॉइटने छपराकडे पाहिलं, रस्त्यापलीकडे पाहिलं. "इमोजीन बघतेय."

"बघू दे. तिला तेवढाच उद्योग."

तो बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. पहिल्याच गाण्याला रेमी नावाच्या पोराने तोंडाने ताल धरला, धम् टक, धम् टक, आणि हॉइटने हात वर केला.

"हा ढोल आहे."

"तोंड आहे ते त्याचं."

"तोंडाने केला तरी ढोल तो ढोलच. वाद्य वाजवायचं नाही म्हणजे वाद्याची नक्कलही करायची नाही. मी कोंबड्यासारखा आरवलो तरी तुझी झोप मोडेलच ना?"

"आणि तुझ्या खिशात ती सुराची शिट्टी असते ती काय? फुंकलीस की वाजते."

"ती सूर शोधायला. गाणं सुरू व्हायच्या आत मी ती खिशात टाकतो."

"देवाला खिशातलं दिसत नाही होय?"

"व्हर्लीन, तू डॉइलला असंच छळायचीस का?"

"याहून जास्त. आता गप्प बस, मी तुला ढोल नसलेलं देते."

तिने शेवटचं गाणं लावलं. पहिलं कडवं संपेपर्यंत हॉइट रस्त्याकडे बघत होता. मग टकर खाली उतरला. सीट थरथरली. हॉइटची टोपी गुडघ्यावरून घसरली, ती त्याने उचलली नाही. गाणं संपलं.

"चांगला आहे गडी," तो म्हणाला. "शेवटच्या ओळीला श्वास लवकर सोडतो. डॉइल सोडत नसे."

"रविवारी तू खर्ज गा, हॉइट."

"आणि चाल?"

"सुरुवात करून दे. पुढे इमोजीन धरेल. तिचा आवाज अजून आहे."

"डॉइलची जागा आहे ती."

"तुझीही होती."

हॉइट टोपी उचलून खाली उतरला. दार लावता लावता म्हणाला, "यंत्रात तेल घालत जा. कोरडं ठणठणीत झालं होतं." हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

इमोजीनला सांगितलं तर ती उसळलीच. "चाल धरायची? मी? अगं, सगळा जन्म मी चालच गातेय! हॉइट बाजूला झाला तर बरंच, त्याच्या किंचाळण्यात माझा सूर झाकून जातो."

रविवारी इमोजीनने केळ्याचं पुडिंग आणलं, व्हर्लीनने शेंगांची उसळ आणि मक्याचा ब्रेड. पाहुण्यांसाठी दोन जादा टेबलं मांडली होती. पाहुणे म्हणून हायवेवरच्या चर्चमधलं एक तरुण जोडपं तेवढं आलं, नव्या मंडळींना आधीच भेटून घ्यावं म्हणून. दोघांनी मन लावून खाल्लं आणि प्रत्येक पदार्थाला छान म्हटलं. दुसरं टेबल न वापरताच घडी घालून ठेवलं.

मग गाणी झाली. हॉइट टाचा उंचावून चाल गात राहिला, एकामागून एक. व्हर्लीनने त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं. डॉइलच्या जागेवर तिची पर्स होती.

"शेवटचं," हॉइट म्हणाला. "नदीचं." त्याने खिशातून शिट्टी काढली, सूर घेतला, शिट्टी खिशात टाकली, आणि व्हर्लीनकडे पाहून किंचित खांदे उडवले, देवाला दिसली असेल तर दिसली.

पहिलं कडवं नेहमीसारखं गेलं. दुसऱ्याला तो पुढची जागा सोडून खाली आला, आल्टोच्या बाकाच्या टोकाशी, पर्सच्या पलीकडे येऊन बसला आणि खाली उतरला. म्हणजे आवाजाने. फळी थरथरली. आधी मांडीत, मग पाठीच्या कण्यात. व्हर्लीनने बाक घट्ट धरला.

आणि वर इमोजीन घसरली. सगळा जन्म ती चाल गात होती खरी, पण सगळा जन्म कुणाच्या तरी पाठोपाठ. हॉइट खाली गेला तशी तीही त्याच्यामागे खाली गेली, भलत्याच ठिकाणी पोचली, "अगंबाई!" असं चक्क मोठ्याने म्हणाली, आणि तोंडावर रुमाल धरून थांबली. ओठ हलवणारे हलवायचे थांबले. चाल गेली.

कुणीतरी ती उचलायला हवी होती. व्हर्लीनने ठरवलं, मी उचलते. तोंड उघडलं, आणि आल्टो बाहेर आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा आल्टो. तेव्हा तिला कळलं की तिला या गाण्याची चाल येत नाही. ऐकलेली होती, हजारदा, पण गळ्यात कधी उतरलीच नव्हती. त्या जागी कायम दुसरं कुणीतरी असायचं.

तिने हॉइटकडे पाहिलं. तो थांबला नव्हता. मग तीही थांबली नाही. खाली खर्ज, मध्ये आल्टो, आणि वर काहीच नाही. छप्पर नसलेल्या घरात दोन माणसं खुर्च्या टाकून बसावीत तसं ते गाणं चाललं. तिसरं कडवं, चौथं. शेवटच्या ओळीला हॉइटने श्वास सोडला नाही. धरून ठेवला, डॉइलसारखा, तोंड लालबुंद होईपर्यंत, आणि तिच्या सुराला पाय ठेवायला जागा दिली.

दाराशी त्या तरुणाने व्हर्लीनचा हात हातात घेतला. "शेवटचं फार वेगळं होतं. कुठलं हो गाणं? आमच्या पुस्तकात नाही वाटतं."

"आहे," व्हर्लीन म्हणाली. "तुम्ही परवाच गायलात."

हॉइटने दाराला कुलूप लावलं. पायऱ्या उतरताना म्हणाला, "घसा बसला." एवढंच. इमोजीनचं पुडिंगचं भांडं त्याने गाडीपर्यंत नेऊन दिलं. इमोजीनचे डोळे सुजले होते, तरी तिने ऐकवलंच, "खाली जाताना सांगायचंस तरी, ब्रदर हॉइट! मी बापडी मागोमाग तळघरात."

संध्याकाळी भांडी थोडीच होती. व्हर्लीन जाकीट घालून ट्रकमध्ये बसली, अर्धी किल्ली फिरवली आणि शेवटचं गाणं लावलं. आपली जागा आली तरी ती गायली नाही. टकर सीटमधून आला, त्याच्याकडेही तिने लक्ष दिलं नाही. पुढच्या रविवारपासून चालच गायची होती, ती शिकून ठेवायला हवी. ती नुसती वरचं ऐकत राहिली. चाल चढत होती, थबकत होती, तिसऱ्या ओळीला एक सुंदर वळण घेत होती. इतकी वर्षं ती या वळणाच्या खालून गेली होती, मान वर न करता.

गाणं संपल्यावर तिने एकटीने ते म्हणून पाहिलं. पहिली ओळ जमली. दुसरीही जमली. तिसरीच्या वळणाशी गळा आपोआप खाली उतरला, आपल्या नेहमीच्या सुरावर, आणि तिथेच चालू लागला. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याला कळलं नसतं हे गाणं कुठलं.

पलीकडे इमोजीनच्या ओसरीवरचा दिवा लागला. "पोचलीस का गं?"

व्हर्लीनने काच थोडी खाली केली. "नाही अजून," ती म्हणाली, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.