तपासनिसांची कात्री

आमच्या शेजारच्या घरात एक बादली आहे. ती इतकी मजबूत आहे, की पाण्याने भरली तर कुणालाच उचलत नाही. आणि कुणी उचलतच नाही म्हटल्यावर ती फुटणार तरी कशी? दाराला एक कुलूप आहे. ते चोराच्या बापालाही उघडणार नाही याची खात्री घरातल्या माणसांना आहे, कारण त्यांनाही ते उघडत नाही. एकदा तर घरधन्यालाच शेजारच्या, म्हणजे आमच्या, गच्चीवरून आत उतरावं लागलं. उतरता उतरता ते मला म्हणाले, "पण कुलूप पाहिलंत ना? याला म्हणतात माल!"

हे तपासनीस. नट-बोल्टांच्या कारखान्यात तयार माल तपासायचं काम त्यांनी जन्मभर केलं. हातात घेतलेला बोल्ट केसभर वाकडा असला तरी त्यांना कळायचा. ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने हार घालून निरोप दिला आणि मनातल्या मनात पेढे वाटले. त्यानंतर तपासणीखातं घरी आलं. ताटातली भाजीसुद्धा बोटाने बाजूला सारून ते म्हणत, "हा तुकडा मोठा, हा लहान. मापात फरक आहे."

"पोटात गेला की सारखाच होतो," वहिनी म्हणत आणि आणखी वाढत.

वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. तपासनिसांच्या नजरेतून त्या कशा पास झाल्या, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी ते अजून शिकाऊ होते."

त्या घरातली प्रत्येक वस्तू तपासनिसांच्या पसंतीची. स्वयंपाकघर तेवढं वहिनींचं. तिथल्या फळीवर काय कुठे ठेवायचं, गॅसची कुठली शेगडी मंद आणि कुठली मोठी, खिडकीपाशी उभं राहून काय निवडायचं आणि बसून काय, हा कारभार त्यांनी कुणाच्या हाती दिला नव्हता. आणि नेमका हातच दगा देऊ लागला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "सुरी बंद. चांगली, धारेची, मोठ्या मुठीची कात्री घ्या आणि भाजी तिनेच कापा."

लेक गावातच राहते. तिने आणखी सोपा उपाय काढला. "आई, हट्ट कशाला? सोमवारपासून स्वयंपाकाला बाई येईल. तू नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला मी काय पाहुणी आहे माझ्या घरात?"

"मग रविवारी येते मी. कात्रीवर जमतंय असं दाखव, नाहीतर बाई ठरली म्हणून समज."

लेकीच्या बोलण्यात माया होती, नाही असं नाही. पण वहिनींचा चेहरा मी पाहिला. बाई आली की त्या घरात स्वतःचं म्हणावं असं त्यांना काहीच उरणार नव्हतं. बादली मात्र उरली असती.

"कात्री मी आणतो," तपासनीस म्हणाले. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते मला साक्षीदार म्हणून भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. पिशवीत ओल्या फडक्याचे तुकडे होते. कात्रीची खरी परीक्षा ओल्या फडक्यावर होते, कोरडा कागद काय कुणीही कापतो, असं त्यांचं म्हणणं. दुकानदाराने समोर कात्र्या मांडल्या. तपासनिसांनी एकेक उजेडासमोर धरली. दोन पात्यांमधला खिळा हलतो का, पाती धुवायला वेगळी होतात का, मूठ ओल्या हातातून निसटेल का, सगळं पाहिलं. इथवर ते अगदी बरोबर होते, हे मला मान्य केलं पाहिजे. मग त्यांनी उजव्या हाताने चष्मा वर केला, डाव्या हाताने कात्री चालवली, आणि फडकं पात्यांच्या मधे दुमडून मुकाट्याने आडवं झालं.

"धारच नाही!"

"काका, हीच कात्री माझ्या घरी आहे," दुकानदार म्हणाला.

"मग घरी तुम्ही सगळं अख्खंच खाता का?"

दुसरी कात्री, तेच. तिसरी, तेच. गावातली बाकीची दुकानंही झाली. आठवडा सरत आला तसा तपासनिसांचा आवाज चढत गेला. "पोलाद राहिलं नाही हो! लोकांना कळत नाही, म्हणून हे खपतं." त्यांना येताना पाहून एका दुकानदाराने दुपारच्या जेवणाची वेळ अलीकडे ओढली. इकडे वहिनी टोमॅटो हातानेच कुस्करून दिवस काढत होत्या.

शुक्रवारी आम्ही पुन्हा पहिल्या दुकानात गेलो. दुकानदाराने हात जोडले. मग काही आठवून तो खालच्या फळीत शिरला आणि धूळ झटकत एक कात्री घेऊन वर आला. "ही एक राहिलीय. कुठल्याशा मालाबरोबर आली होती. गिऱ्हाईक नेतं आणि परत आणून देतं. कापत नाही म्हणतात. तुम्ही तेवढी नापास करा, म्हणजे मी सुटलो."

तपासनिसांनी ती चालवली. ओलं फडकं मुळापासून टोकापर्यंत सरळ दुभंगलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या नातवाच्या वेळीसुद्धा त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता.

"गिऱ्हाईक परत आणतं म्हणे! रत्न ओळखायला डोळा लागतो, मास्तर."

घरी पोहोचताच त्यांनी कात्री वहिनींच्या हातात ठेवली. "घे. तुझ्यानंतर तुझी लेक वापरेल, इतकी टिकेल."

"माझ्यानंतरचं राहू द्या, आधी मला वापरू द्या," म्हणत वहिनींनी कांद्याची पात घेतली आणि कात्री दाबली. पात कापली गेली नाही. दोन पात्यांच्या मधे दुमडून निवांत पडली. त्यांनी जोर लावला. अंगठ्यातून कळ गेली तशी त्या ओठ चावून थांबल्या. मला एकदम रविवार आठवला. त्यांनाही आठवला असावा.

"दे इकडे," तपासनीस म्हणाले आणि कचाकच पात कापून दाखवली. "बघ! लोण्यासारखी चालते. तुला धरताच येत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं."

वहिनींनी पुन्हा प्रयत्न केला. पात पुन्हा आडवी. तपासनिसांनी पुन्हा कापून दाखवली. वहिनी आता कात्रीकडे नाही, नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या.

"अहो, हा कुठला हात?"

"कुठला म्हणजे? माझा."

"डावा आहे हा."

"मी उजवा माणूस आहे. उजव्या हाताने लिहितो."

"आणि जेवता. ते शिकवलं म्हणून. दात कुठल्या हाताने घासता? स्क्रू कुठल्या हाताने पिळता? मी बोलायला लागले की मला गप्प करायला कुठला हात वर करता?"

गप्प करायला वर गेलेला हात तपासनिसांनी अर्ध्यावरच पाहिला. तो डावा होता.

मग हळूहळू बाहेर आलं. लहानपणी ते डाव्या हाताने पाटी गिरवत, आणि मास्तरांनी त्या हातावर पट्ट्या मारमारून त्यांना उजवं केलं. मीही शाळामास्तरच, तेव्हा ही आमच्याच जमातीची कामगिरी. अक्षर उजवं झालं, बाकीचा माणूस डावाच राहिला. आणि जन्मभर दुसऱ्याच्या मालातला केसभर फरक ओळखणाऱ्याने स्वतःचा हात कधी तपासला नाही.

त्यांनी कात्री उलटसुलट करून पाहिली. "उजव्या हाताने दाबलं की साध्या कात्रीची पाती एकमेकांवर घासतात. डाव्याने दाबलं की दूर जातात, म्हणून मधे भाजी दुमडते. ही उलट बनवलीय. डावखुऱ्यांसाठी," ते म्हणाले, जणू हे शोधण्यासाठीच त्यांनी आठवडाभर उन्हातान्हात पायपीट केली होती.

"म्हणजे गावातल्या त्या सगळ्या कात्र्या?" मी विचारलं.

"चांगल्या असाव्यात," ते अगदी हळू म्हणाले.

"अंगणाचं काय म्हणत होतात मघाशी?" वहिनींनी विचारलं. तपासनिसांनी कात्रीचा खिळा पुन्हा एकदा हलवून पाहिला. "असू द्या. सुरुवात केलीच आहे तर तेवढी पात संपवा. मग शेंगा आहेत."

शनिवारी सकाळी तपासनीस आंघोळीला गेल्याचं पाहून वहिनी मला घेऊन बाहेर पडल्या. दुकानदाराकडून त्यांनी सगळ्यांत आधी नापास झालेली कात्री घेतली आणि तिथेच पिशवीतून पातीची काडी काढून कापून पाहिली. काडी सहज तुटली. अंगठा दुखला नाही.

जिन्यात त्यांनी ती कात्री माझ्या हातात दिली. "ही तुमच्याकडे राहू दे."

"अहो वहिनी, तुमच्यासाठीच घेतली ना?"

"ही घरात आली की ते पुन्हा बाहेरच्या खोलीत जातील, आणि तिथून माप सांगतील."

रविवारी लेक आली तेव्हा मीही तिथेच होतो. खिडकीपाशी वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. ओट्याशी तपासनीस, डाव्या हातात ते रत्न, समोर शेंगांचा ढीग.

"हा तुकडा मोठा, हा लहान," वहिनी म्हणाल्या. "मापात फरक आहे."

"पोटात गेला की सारखाच होतो," तपासनीस पुटपुटले.

लेक दारातच थबकली. "आई, हे काय? मी बाईला उद्यापासून ये म्हणून सांगणार होते."

"नको सांगूस. माणूस मिळालाय मला," वहिनी म्हणाल्या. "हात हळू आहे, तोंड जरा जास्त चालतं. पण टिकाऊ आहे."

"हळू नाही," तपासनीस पाठ न वळवता म्हणाले. "तपासून कापतोय."