दारापर्यंत न पोचणारा जिना

माझे धाकटे दीर कोर्टाच्या आवारात 'पुठ्ठेवाले' म्हणून ओळखले जात. माणूस जिथे पडला, चिरडला किंवा भाजला, त्या जागेची पुठ्ठ्याची हुबेहूब प्रतिकृती करून वकिलाच्या हाती द्यायची, हा त्यांचा धंदा. खटला संपला की ती कुणालाच नको असे. मग ती आमच्या घरी येई. कपाटावर झाकण नसलेली टाकी, टीव्हीशेजारी लिफ्टचा खड्डा, खाटेखाली दोन चौक. वर्षानुवर्षं मी त्यांची धूळ झटकली. खरं सांगते, दुपारी एकटी असले की त्या रिकाम्या जागांकडे पाठ करून बसवत नसे. रिकाम्या, कारण भावजी त्यांत माणूस कधीच घालत नसत. "वहिनी, माणूस घातला की न्यायाधीश माणसाकडे बघतात, जागेकडे नाही."

एकदा कपड्यांच्या कारखान्यातल्या जिन्याचं काम आलं. काजं-बटणं करणारी एक बाई कामाच्या तिसऱ्याच दिवशी गठ्ठा घेऊन वर चढताना कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. मशीनचं पायडल मारणं कायमचं संपलं. तिनं भरपाई मागितली. मालकाचं म्हणणं, जिना ठणठणीत आहे, बाईच वेंधळी. कायद्याला लोक उगाच घाबरतात. प्रश्न साधा असतो: काळजी घेणं कुणाचं काम होतं, ती घेतली का, आणि न घेतल्यामुळेच इजा झाली का? जिना निर्दोष ठरला असता तर बाईला छदामही मिळाला नसता. आणि भावजींना बोलावलं होतं मालकाच्या वकिलानं.

मोजमाप झालं. सोळा पायऱ्या, प्रत्येक सात इंच. घरी येऊन भावजींनी फुटाला तीन इंच या मापानं जिना बांधला, आणि तो दारापर्यंत पोचेना. वरच्या दाराखाली पाव इंचाची फट. त्यांनी उकलला, पुन्हा कापला. फट तशीच. तिसऱ्यांदा मीच चिमट्यानं एकेक पायरी चिकटवायला बसले. सोळावी लागली, आणि दार तिच्यावर तसंच अधांतरी राहिलं.

"या जिन्याला वर जायचंच नाहीये, वहिनी." भावजींचा आवाज बारीक झाला होता.

"जिन्याला काय मन असतं? टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं ते सांगा."

उभ्या आयुष्यात त्यांनी टेपचं टोक दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. त्या दिवशी गुडघा दुखत होता, म्हणून खालचं टोक कारखान्याच्या मॅनेजरला धरू दिलं. एकूण उंची तेवढी स्वतः वरून ओळंबा सोडून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते एकटे गेले. नववी पायरी आठ इंच निघाली. एवढ्यात सुट्टी संपली. भावजी भिंतीला चिकटून उभे राहिले आणि बायका बोलत, हसत वर चढू लागल्या. नवव्या पायरीशी प्रत्येकीचा पाय जरा जास्त वर जाई, आणि तेवढ्यापुरतं बोलणं तुटे. पस्तीस बायका. एकीनंही खाली पाहिलं नाही.

"पाय का उचललात?" त्यांनी एकीला विचारलं.

"कुठे उचलला?"

"आत्ता, तिथे."

"काहीतरीच काय काका! जिना चढताना पाय उचलायचा नाही तर काय उडायचं?" ती मनापासून हसत होती. तिला खरंच माहीत नव्हतं.

वकील भडकला. "दार पाव इंच खाली घ्या. पुठ्ठ्याचंच तर आहे."

"बाईचं हाड पुठ्ठ्याचं नव्हतं."

"ज्या घरचं खाता त्याच घरचे वासे मोजता?"

"मोजणं हाच माझा धंदा आहे, साहेब."

भावजींनी घेतलेली फी परत केली आणि बाईच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले.

न्यायाधीश स्वतः जागा बघायला आले. तोवर मालकानं जिना फोडून नवा बांधला होता. टेप लावली, सोळाच्या सोळा सारख्या. मॅनेजर मिशीत हसला. "पुठ्ठा काय, हवा तसा कापता येतो."

भावजी एवढंच म्हणाले, "साहेब, सुट्टी संपेपर्यंत थांबाल का?"

न्यायाधीश खाली खुर्ची टाकून बसले. घंटा झाली. बायका एकामागून एक आल्या. नवव्या पायरीशी बोलणं तुटलं, प्रत्येकीचा पाय आता नसलेल्या त्या इंचावरून वर गेला आणि धप्पकन खाली आदळला. पस्तीस वेळा तोच आवाज. न्यायाधीशांनी रुमालानं मान पुसली आणि मालकाकडे वळले. "हे पाय इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांसमोरून गेले ना?"



निकाल बाईच्या बाजूनं लागला. तिनं कठडा धरला नव्हता म्हणून भरपाईतला पाचवा हिस्सा कापला. ते मला आजही पटत नाही. तिचे हात मालकाच्याच गठ्ठ्यानं भरले होते ना? हाड काही कोर्ट परत देत नाही. मिळालं त्यात तिनं बसून चालवता येईल असं सुया-दोऱ्यांचं दुकान टाकलं.

जागा बघून झाली त्या दिवशी मात्र भावजी घरी येऊन पाणीही न घेता बसून राहिले.

"एक गोष्ट तिथे बोललो नाही, वहिनी. दोन पोरी जिना नवा झाल्यावर कामाला लागल्या आहेत. जुना त्यांनी पाहिलेलाही नाही. त्यांनीही उचलला."

"पुढचीचं बघून उचलला असेल. त्यात काय!"

"त्यांच्या पुढे कुणी नव्हतं," ते म्हणाले. "सगळ्या वर गेल्यावर त्या उशिरा आल्या."